स्लाइडवरचा आलेख पारदर्शक कसा करायचा: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

एक्सेलमध्ये देखणा दिसणारा आलेख विद्यापीठाच्या निळ्या टेम्प्लेटवर आणला की त्याच्यामागे पांढरं ठिगळ दिसतं. ते घालवायला कुणी स्क्रीनशॉट घेऊन पांढरा रंग खोडतं, कुणी चित्र ऑनलाइन 'बॅकग्राउंड रिमूव्हर'वर चढवतं. ठिगळ जातं, पण अक्षरं कुरतडली जातात.

कॉलेजचा सेमिनार असो, प्रबंधाची मौखिक परीक्षा असो, टॉवेल कारखान्याची आढावा बैठक असो की शेतकरी कंपनीची वार्षिक सभा, सोलापुरात मला चूक एकाच जागी दिसते. पार्श्वभूमीचा विचार सगळ्यात शेवटी होतो. आलेख पारदर्शक केला की स्लाइडचा रंग हाच त्याचा कागद होतो, आणि अक्षरं, रेघा, स्तंभ त्या कागदावर उठून दिसायला हवेत. म्हणून स्लाइड आधी, आलेख नंतर.

खाली दोन उदाहरणं धरली आहेत: उजनी धरणातला महिनावार उपयुक्त साठा, आणि जिल्ह्यातल्या ११ तालुक्यांची तुलना. दोन्ही आलेखांच्या खोडी वेगळ्या आहेत.

१. आधी स्लाइड ठरवा

पहिला प्रश्न सभागृहाचा. प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. काळं म्हणजे तिथे प्रकाश न पडणं, आणि खोलीत उजेड असेल तर ती जागा राखाडी दिसणार. एप्रिल-मेच्या दुपारी, पडदे नसलेल्या खिडक्यांच्या हॉलमध्ये गडद निळी स्लाइड धुवून निघाल्यासारखी दिसते. अशा ठिकाणी फिकी पार्श्वभूमी आणि गडद अक्षरं हाच शहाणपणा. टीव्हीचा मोठा पडदा असेल किंवा खोली अंधारी होत असेल तर गडद स्लाइड चालते.

दुसरा प्रश्न टेम्प्लेटचा, आणि इथे बरेच जण फसतात. टेम्प्लेट दोन प्रकारचे असतात. एकात थीमच गडद असते, म्हणजे अक्षरांचा ठरलेला रंगही आपोआप पांढरा होतो. दुसऱ्यात थीम साधी पांढरीच असते, फक्त मागे निळं चित्र लावलेलं असतं. दिसायला दोन्ही सारखे. ओळखायचं कसं? रिकाम्या स्लाइडवर नवीन टेक्स्ट बॉक्स टाका आणि दोन अक्षरं टाइप करा. अक्षरं पांढरी आली तर थीम खरी गडद. निळ्यावर काळी आली तर नुसतं चित्र आहे, आणि आलेखातला प्रत्येक रंग तुम्हालाच हाताने द्यावा लागेल. कॉलेजांत फिरणारे बरेचसे टेम्प्लेट या दुसऱ्या जातीचे असतात.

तिसरी गोष्ट मापाची. 'डिझाइन' टॅबमधल्या 'स्लाइड साइझ'मध्ये पाहा. रुंद स्लाइड ३३.८७ × १९.०५ सेंटिमीटर असते, जुनी चौकोनी २५.४ × १९.०५. मथळा आणि लोगोची जागा वगळली तर रुंद स्लाइडवर आलेखाला साधारण २९ × १३ सेंटिमीटर मिळतात.

शेवटी, पार्श्वभूमीच्या रंगाचे आकडे काढून ठेवा. पॉवरपॉइंटमध्ये एक चौकोन काढा, 'शेप फिल'मधल्या 'आयड्रॉपर'ने स्लाइडचा रंग उचला, मग 'मोअर फिल कलर्स'मधल्या 'कस्टम'मध्ये लाल, हिरवा, निळा यांचे तीन आकडे लिहून घ्या. पार्श्वभूमी एका रंगातून दुसऱ्यात विरत जाणारी असेल तर तिच्या सर्वांत गडद आणि सर्वांत फिक्या टोकाचे, असे दोन संच घ्या.

तपासणी: एक्सेल उघडण्याआधी तुमच्याकडे चार गोष्टी लिहिलेल्या हव्यात. पार्श्वभूमी गडद की फिकी, थीम खरी की चित्र, आलेखाचं माप, आणि रंगाचे आकडे.

२. आलेख स्लाइडच्या मापातच काढा

एक्सेलमध्ये आलेख निवडा, 'फॉरमॅट' टॅबच्या उजव्या टोकाला उंची-रुंदीच्या चौकटी असतात. तिथे १३ आणि २९ सेंटिमीटर भरा. हे रंगांच्या आधी करायचं. छोटा आलेख स्लाइडवर ताणला तर तो धूसर होतो, आणि मोठा आलेख दाबला तर १८ पॉइंटची अक्षरं ९ ची होतात.

मग अक्षरं. अक्षांवरची आणि स्तंभांवरची १८ पॉइंटपेक्षा लहान नकोत. मराठीसाठी युनिकोड फॉन्टच घ्या: निर्मला यूआय, मंगल, मुक्ता, नोटो सान्स देवनागरी, जो असेल तो. जुन्या कीबोर्डच्या श्रीलिपी किंवा कृतिदेवमधली नावं एक्सेलमध्ये वाचता येतात, पण तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्यांची इंग्रजी अक्षरांची खिचडी होते.

तालुक्यांच्या आलेखात उभे स्तंभ काढू नका. 'दक्षिण सोलापूर', 'मंगळवेढा', 'माळशिरस' अशी ११ नावं उभ्या स्तंभांखाली तिरकी होतात किंवा काही गळूनच जातात. आडवे स्तंभ घ्या, नावं डावीकडे सरळ वाचता येतात. आडव्या आलेखात एक्सेल यादी उलटी लावतं, पहिला तालुका तळाला जातो. त्या अक्षाच्या मांडणीत 'कॅटेगरीज इन रिव्हर्स ऑर्डर'वर खूण करा.

लोकसंख्येसारखे मोठे आकडे असतील तर स्वल्पविराम भारतीय पद्धतीने हवेत. आकड्यांच्या 'कस्टम' फॉरमॅटमध्ये हे जसंच्या तसं भरा:

[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0

२०११ च्या जनगणनेतली जिल्ह्याची लोकसंख्या मग ४३,१७,७५६ अशा गटांत दिसते, दशलक्षांत नाही. मात्र हा साचा उणे आकड्यांसाठी वापरू नका.

आता उजनी. सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको की उन्हाळ्यात उजनी 'उणे'मध्ये जाते. धरणात मृतसाठाच ६३ टीएमसीहून जास्त आहे, त्यामुळे उपयुक्त पाणी संपलं की टक्केवारी शून्याखाली उतरते. आलेखात याचे दोन परिणाम होतात. महिन्यांची नावं शून्याच्या रेषेला चिकटून राहतात आणि उणे स्तंभांवर चढतात. मागे पांढरा भराव (आत भरलेला रंग, 'फिल') नसला की ती अजिबात वाचता येत नाहीत. आडव्या अक्षाच्या 'लेबल्स'मध्ये 'लेबल पोझिशन' बदलून 'लो' करा, नावं तळाशी जातील. दुसरं, स्तंभांच्या भरावात 'इन्व्हर्ट इफ निगेटिव्ह'वर खूण आहे का पाहा. असेल तर उणे स्तंभ पांढरे होतात आणि फिक्या स्लाइडवर सरळ गायब. खूण काढा, किंवा शेजारच्या दुसऱ्या रंगाच्या चौकटीत स्वतः रंग निवडा.

सावध: त्रिमितीय आलेख घेऊ नका. त्याच्या मागच्या भिंतीला, बाजूच्या भिंतीला आणि जमिनीला वेगवेगळा भराव असतो. एक काढला तर दुसरा उरतो, आणि आकडेही चुकीचे भासतात.

३. भराव काढा, एकेका थरातून

आलेख पारदर्शक करणं म्हणजे एकच बटण, असं वाटतं. प्रत्यक्षात आलेखात भरावाचे चार-पाच थर असतात आणि प्रत्येकाची मांडणी स्वतंत्र.

एक्सेलमध्ये क्रम असा ठेवा. आलेखाच्या अगदी कोपऱ्यात क्लिक करा म्हणजे 'चार्ट एरिया' निवडला जाईल. कंट्रोल आणि १ दाबा, उजवीकडे मांडणीचा रकाना उघडतो. 'फिल'मध्ये 'नो फिल', 'बॉर्डर'मध्ये 'नो लाइन'. बॉर्डर विसरली तर स्लाइडवर आलेखाभोवती बारीक राखाडी चौकट उरते. मग स्तंभांच्या मधल्या रिकाम्या जागेत क्लिक करा, 'प्लॉट एरिया' निवडला जाईल. तिथेही 'नो फिल'. त्यानंतर लेजंड (कुठला रंग कशाचा ते सांगणारी चौकट), मथळा आणि आकड्यांची लेबलं एकेक करून निवडा आणि त्यांचा भराव पाहा. तयार 'चार्ट स्टाइल' वापरली असेल तर यांच्यामागे काहीतरी रंग लपलेला असू शकतो. रकान्याच्या वरच्या यादीतून थराचं नाव निवडता येतं, माउसने नेम धरत बसण्यापेक्षा ते बरं.

इथे 'व्हाइट' आणि 'नो फिल' यांत गल्लत होते. एक्सेलची शीट पांढरी असल्यामुळे दोन्ही सारखेच दिसतात. खरं कळतं ते आलेखामागे शीटच्या रेघा दिसल्यावर. रेघा दिसत नाहीत तर कुठलातरी थर अजून भरलेला आहे.

लिबरऑफिस कॅल्कमध्ये आलेखावर दोनदा क्लिक करून आत शिरा. 'फॉरमॅट' मेनूत 'चार्ट एरिया' आणि 'चार्ट वॉल' ही दोन वेगळी नावं आहेत. दोन्हींच्या 'एरिया' टॅबमध्ये 'नन' निवडा. फक्त पहिलं केलं की स्तंभांच्या मागची भिंत तशीच राहू शकते.

गूगल शीट्समध्ये काम सोपं आहे: 'चार्ट एडिटर', त्यात 'कस्टमाइझ', 'चार्ट स्टाइल', 'बॅकग्राउंड कलर' आणि 'नन'. अक्षरांचे रंग मात्र मथळा, लेजंड, दोन्ही अक्ष अशा प्रत्येक भागात जाऊन वेगवेगळे बदलावे लागतात.

कोड लिहून आलेख करणाऱ्यांचीही चूक याच जातीची असते. आर भाषेत जीजीप्लॉट वापरत असाल तर सेव्ह करताना पार्श्वभूमी पारदर्शक सांगून भागत नाही. थीममधली प्लॉटची, पॅनलची, लेजंडची आणि लेजंडमधल्या चौकोनांची पार्श्वभूमी वेगळी काढावी लागते, आणि सेव्ह करतानाही सांगावं लागतं. पायथनच्या मॅटप्लॉटलिबमध्ये सेव्ह करण्याच्या आज्ञेतला 'ट्रान्सपरंट' पर्याय चालू केला की मुख्य दोन थर जातात, पण लेजंडची पांढुरकी चौकट उरते. ती लेजंडमध्येच बंद करायची. मॅटप्लॉटलिबच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नाही, त्यामुळे मराठी नावांच्या जागी चौकोन येतात. फॉन्ट बदलला तरी पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं बिघडली नाहीत ना, हे एकेक नाव वाचून बघा. माझं मत विचाराल तर कोडमधून फक्त आकृती काढा आणि मराठी नावं स्लाइडवर टेक्स्ट बॉक्समध्ये घाला.

४. स्लाइडचा रंग मागे लावून आलेखाचे रंग निवडा

ही पायरी जवळजवळ कुणीच करत नाही. आलेखामागच्या शीटच्या पेशी निवडा आणि पहिल्या टप्प्यात लिहून घेतलेला रंग त्यांना भरा. भराव काढलेला असल्यामुळे आलेख आता थेट त्या निळ्यावर दिसतो. स्लाइडवर काय दिसणार ते एक्सेलमध्येच कळतं, आणि पुढचा निम्मा त्रास वाचतो.

पहिला धक्का अक्षरांचा बसेल. एक्सेलची अक्षं आणि लेबलं मुळात गडद राखाडी असतात, गडद निळ्यावर ती बुडून जातात. संपूर्ण आलेख निवडून 'होम' टॅबमधून अक्षरांना एकदम पांढरा रंग द्या, मग जिथे वेगळा हवा तिथे बदला. स्तंभाच्या आत बसलेली लेबलं स्तंभाच्या रंगाशी जुळवायची, स्लाइडच्या नव्हे. पिवळ्या स्तंभात पांढरा आकडा वाचता येत नाही.

आडव्या जाळीच्या रेघा गडद स्लाइडवर फार झगझगतात. त्यांना पांढरा रंग आणि ७५ ते ८० टक्के 'ट्रान्सपरन्सी' द्या. स्तंभांवर लेबलं असतील तर रेघा पूर्ण काढून टाकल्या तरी काही अडत नाही.

स्तंभांची किंवा रेषांची 'ट्रान्सपरन्सी' मात्र शून्यच ठेवा. अर्धपारदर्शक रंग मागच्या रंगात मिसळतो. पांढऱ्यावर केशरी दिसणारा पट्टा निळ्यावर मळकट तपकिरी होतो, आणि दोन पट्टे एकमेकांवर आले की तिसराच रंग तयार होतो जो लेजंडमध्ये कुठेच नाही. विश्वासमर्यादेचा (अंदाज किती वर-खाली असू शकतो त्याचा) पट्टा दाखवायचाच असेल तर पार्श्वभूमीशी मिसळून जो रंग होतो तो आधी पाहून, तसाच भरीव रंग द्या. पट्ट्याखाली दुसरी रेषा झाकली जात असेल तर पट्ट्याऐवजी वरच्या-खालच्या मर्यादेच्या दोन तुटक रेघा काढा.

लाल-हिरवी जोडी टाळा. काहींना त्यांतला फरक दिसत नाही, शिवाय जुन्या प्रोजेक्टरवर लाल रंग निळ्या पार्श्वभूमीवर काळपट पडतो. गडद निळ्यावर पिवळा, पांढरा आणि फिका आकाशी, तर फिक्या पार्श्वभूमीवर गडद निळा आणि नारिंगी अशी निवड सुरक्षित. तालुक्यांच्या आलेखात ११ रंग वापरायची हौस करू नका. ज्या तालुक्याबद्दल बोलणार आहात तो पिवळा, बाकीचे सगळे एकाच फिक्या रंगात.

तपासणी: खुर्ची मागे सरकवून दोन-तीन मीटर अंतरावरून पडद्याकडे बघा. अक्षावरचं सर्वांत लहान अक्षर वाचता आलं पाहिजे.

५. स्लाइडवर नेण्याच्या तीन वाटा

कोणती वाट घ्यायची ते आकडे पुन्हा बदलणार आहेत का आणि सादरीकरण कुणाच्या संगणकावर होणार यावर ठरतं.

आकडे शेवटपर्यंत बदलत असतील तर आलेख कॉपी करून पॉवरपॉइंटमध्ये आलेख म्हणूनच पेस्ट करा. 'नो फिल' सोबत येतं. पेस्ट केल्यावर कोपऱ्यात उगवणाऱ्या पर्यायांत 'कीप सोर्स फॉरमॅटिंग' निवडा, नाहीतर स्लाइडची थीम तुमचे निवडलेले रंग बदलून टाकू शकते. इथे एक गंभीर इशारा. 'एम्बेड वर्कबुक' निवडलं की फक्त आलेखाचे आकडे नव्हे, अख्खी एक्सेल फाइल स्लाइडच्या पोटात जाते. कारखान्याच्या त्याच फाइलमध्ये पगाराची किंवा ग्राहकांच्या दरांची शीट असेल, तर पीपीटी मिळालेला माणूस 'एडिट डेटा' दाबून ती वाचू शकतो. आलेखापुरती वेगळी फाइल करा, मग पेस्ट करा. 'लिंक डेटा'वाला पर्याय पेन ड्राइव्हवरून दुसरीकडे नेताना निरुपयोगी ठरतो, कारण मूळ फाइल तिथे नसते.

आकडे पक्के असतील आणि संगणक परका असेल तर पीएनजी, म्हणजे पारदर्शकता टिकवणारी चित्रफाइल. आलेखाच्या कडेवर उजवं क्लिक करून 'सेव्ह अ‍ॅज पिक्चर', प्रकार पीएनजी. लिबरऑफिसमध्ये आलेखाच्या बाहेर येऊन उजवं क्लिक, 'एक्सपोर्ट अ‍ॅज इमेज'. गूगल शीट्समध्ये तीन टिंबांतून 'डाउनलोड चार्ट'. जेपीजी अजिबात नको, त्या प्रकारात पारदर्शकता साठवण्याची सोयच नाही. जीआयएफमध्ये ठिपका एकतर पूर्ण पारदर्शक असतो किंवा पूर्ण भरीव, अधलंमधलं काही नाही, त्यामुळे गोल रेषांच्या कडा दातेरी होतात.

पीएनजी झाली की फाइलच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये रुंदी पिक्सेलमध्ये पाहा. १९२० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर २९ सेंटिमीटरचा आलेख साधारण १६५० पिक्सेल जागा घेतो. तुमची फाइल त्याहून बरीच लहान असेल तर अक्षरं धूसर येणार. एक्सेलमध्ये आलेखाचं माप, अक्षरं आणि रेघांची जाडी सगळं दुप्पट करून पुन्हा काढा, आणि स्लाइडवर निम्मं करा.

तिसरी वाट एसव्हीजी, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषा आणि आकार साठवणारी चित्रफाइल. कितीही मोठं केलं तरी कडा स्वच्छ राहतात. पण ऑफिस २०१३ सारख्या जुन्या आवृत्तीत ती टाकता येत नाही, आणि तुमचा मराठी फॉन्ट समोरच्या संगणकावर नसेल तर अक्षरं बदलतात. सभागृहातला संगणक कसा आहे हे माहीत नसेल तर पीएनजीच बरी.

सावध: पॉवरपॉइंटमधलं 'सेट ट्रान्सपरंट कलर' हे साधन आलेखासाठी वापरू नका. ते एकच अचूक रंग काढतं. अक्षरांच्या कडेचे पांढरट-राखाडी ठिपके तसेच राहतात म्हणून प्रत्येक अक्षराभोवती झालर दिसते, आणि स्तंभांतले पांढरे आकडेही पारदर्शक होऊन जातात.

६. वाटेत बिघडू देऊ नका

घरून नीट निघालेली पीएनजी सभागृहात पोचेपर्यंत पांढरी किंवा काळी होते, त्याला बहुतेक वेळा व्हॉट्सअ‍ॅप कारणीभूत असतं. फोटो म्हणून पाठवलेलं चित्र तिथे जेपीजी होतं आणि पारदर्शकता कायमची जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, किंवा ईमेल, पेन ड्राइव्ह वापरा. मोबाइलच्या गॅलरीत पारदर्शक आलेख काळ्यावर दिसला म्हणून घाबरू नका, ती गॅलरीची पार्श्वभूमी आहे. त्याचा स्क्रीनशॉट मात्र काढू नका.

पॉवरपॉइंट सेव्ह करताना चित्रं लहान करू शकतं. 'फाइल', 'ऑप्शन्स', 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये 'डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाइल'वर खूण करा. ही खूण त्या फाइलपुरतीच असते, म्हणून चित्रं टाकण्याआधी करून ठेवा.

७. चाचणीच्या तीन स्लाइड

एक नवी फाइल घ्या. पहिली स्लाइड खऱ्या टेम्प्लेटची, दुसरी भडक गुलाबी, तिसरी खिडकीतल्या उजेडाचा अंदाज देणारी मध्यम राखाडी. तोच आलेख तिन्हींवर टाका. गुलाबी स्लाइडवर उरलेला प्रत्येक पांढरा थर, झालर आणि चौकट लगेच उघडी पडते. राखाडीवर अक्षरं वाचता आली नाहीत तर दुपारच्या हॉलमध्येही येणार नाहीत. मग 'व्ह्यू' टॅबमधून 'ग्रेस्केल' लावून बघा. दोन मालिका एकसारख्या दिसल्या तर त्यांच्या रंगांचा उजळपणा सारखा आहे, एक गडद करा.

पारदर्शक करू नये तेव्हा

मागे फोटो असेल तर नकोच. सिद्धेश्वर तलावाचा किंवा डाळिंबाच्या बागेचा फोटो लावून त्यावर पारदर्शक आलेख ठेवला की अर्धी अक्षरं उजेडात आणि अर्धी सावलीत हरवतात. फोटो ठेवायचाच असेल तर आलेखामागे काळा चौकोन २५ ते ३० टक्के 'ट्रान्सपरन्सी'ने टाका आणि त्यावर आलेख ठेवा.

छापील प्रतींचाही विचार आधीच करा. परीक्षकांना झेरॉक्सच्या दुकानातून काळ्या-पांढऱ्या प्रती द्यायच्या असतील, तर त्या छपाईत स्लाइडची गडद पार्श्वभूमी अनेकदा छापलीच जात नाही. पॉवरपॉइंट आपली स्वतःची अक्षरं काळी करून घेतं, पण पीएनजीतली पांढरी अक्षरं पांढऱ्या कागदावर नाहीशी होतात आणि हातात येतात नुसते नावाविना स्तंभ. अशा वेळी एक्सेलच्या शीटवर आलेखाची दुसरी प्रत करा, अक्षरं काळी करा, भराव पांढरा ठेवा आणि छपाईची पीपीटी त्या प्रतीवरून वेगळी बांधा. फाइलच्या नावातच 'पडदा' आणि 'छपाई' लिहा, म्हणजे घाईत चुकीची उघडली जाणार नाही.